परदेशातून येणारे पार्सल कोणाच्या हाती द्यावे?

परभणीतील एका घड्याळजी चाचांना जुन्या जपानी मनगटी घड्याळाचा एक सुटा भाग हवा होता. मुंबई-हैदराबादच्या बाजारात तो मिळेना, तेव्हा त्यांच्या नातवाने मोबाइलवर शोधून ओसाकातील एक विक्रेता गाठला. भागाची किंमत आपल्या चलनात साधारण ९०० रुपये होती; पण ऑर्डर पूर्ण करण्याआधी पडद्यावर चार ओळी आल्या आणि गाडी तिथेच अडली. साधे टपाल, ट्रॅकिंगसह टपाल, ईएमएस ही वेगवान टपालसेवा आणि एक्स्प्रेस कुरियर, अशा त्या चार ओळी होत्या, प्रत्येकीपुढे दिवसांचा अंदाज आणि भाडे लिहिलेले होते, आणि शेवटच्या ओळीचे भाडे भागाच्या किमतीच्या तिपटीहून अधिक होते. चाचांनी मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, "सर, यातलं कोणतं दाबायचं?"

प्रश्न छोटासा असला, तरी उत्तर देताना मला बराच वेळ लागला, कारण त्या चार ओळी जेवढे सांगतात त्यापेक्षा बरेच अधिक सांगायचे राहून जाते. भाडे आणि दिवस एवढेच तिथे दिसते. वस्तू भारतात उतरल्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे ती कोण ठेवणार, कर कोण आणि कसा वसूल करणार, मुंबईहून परभणी, किनवट किंवा उमरग्यापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणाच्या गाडीतून होणार आणि पार्सल हरवले तर दाद कोणाकडे मागायची, या चारही गोष्टी त्याच एका बटणाने ठरतात, आणि माझ्या मते निवड या चार गोष्टींवरून करावी; दिवसांचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

टपालाची वाट आणि कुरियरची वाट

पडद्यावर पर्याय कितीही दिसोत, मुळात वाटा दोनच आहेत.

टपालाच्या वाटेत विक्रेता वस्तू आपल्या देशाच्या टपाल खात्याकडे देतो, ते खाते ती भारतीय टपाल खात्याच्या स्वाधीन करते आणि आपल्या दारी ती आपला नेहमीचा पोस्टमन आणतो. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथे मुख्यालय असलेल्या जागतिक टपाल संघटनेच्या करारामुळे हे हस्तांतर शक्य होते. या वाटेवर पार्सल पहिल्यापासून शेवटपर्यंत कोणा एकाच्या ताब्यात नसते, ही तिची मोठी उणीव आहे. परंतु याच व्यवस्थेमुळे ती स्वस्तही पडते. दुसऱ्या देशातून आलेले टपाल वाटण्यासाठी पाठवणारे खाते स्वीकारणाऱ्या खात्याला ठरावीक मोबदला देते, आणि हा मोबदला अनेक वर्षे इतका कमी होता की चीनमधून दोन डॉलरची वस्तू टपालखर्चासह दोन डॉलरमध्येच घरी येत असे. अमेरिकेने यावर हरकत घेऊन संघटनेतून बाहेर पडण्याचा इशारा दिला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथे विशेष अधिवेशन होऊन देशांना लहान पाकिटांसाठी आपले दर टप्प्याटप्प्याने स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली. "पूर्वी फुकट यायचं, आता का पैसे मागतात?" असे जे अनेक जण विचारतात, त्याच्या उत्तराचा एक भाग या अधिवेशनात आहे.

आपल्याकडे येणारे परदेशी टपाल सामान्यतः मुंबईत उतरते. बॅलार्ड इस्टेट येथील विदेश डाकघरासारख्या ठिकाणी सीमाशुल्क अधिकारी टपाल खात्याच्या सोबतीने काम करतात आणि पाकिटावर विक्रेत्याने लावलेला सीएन २२ किंवा सीएन २३ हा घोषणापत्राचा कागद वाचून कराचा निर्णय घेतात. लहान किमतीच्या वस्तूंना पहिला, मोठ्यांना दुसरा. कर लागलाच तर त्याची रक्कम पार्सलसोबत आपल्या डाकघरात येते आणि वाटपाच्या वेळी घेतली जाते. तुम्हाला कुठे अर्ज करावा लागत नाही आणि बहुतेक वेळा कागदही मागितले जात नाहीत. शंका आली तर मात्र बिलाची मागणी करणारे पत्र येते, आणि त्या पत्राला उत्तर दिले नाही तर पार्सल तिथेच पडून राहून शेवटी परत जाते.

कुरियरच्या वाटेत विक्रेत्याच्या दुकानापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत एकच कंपनी जबाबदार असते. विमान तिचे किंवा तिने ठरवलेले, गोदाम तिचे, आणि सीमाशुल्क खात्याकडे माल सोडवण्याचे इलेक्ट्रॉनिक कागदपत्रही तीच दाखल करते. हे कागदपत्र तुमच्या वतीने दाखल होत असल्याने तिला तुमची ओळख पटवून घ्यावी लागते, आणि म्हणून पार्सल पोहोचण्याआधी केवायसीचा संदेश येतो. आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा तत्सम ओळखपत्राची प्रत त्यावर चढवायची असते. कर ती आधी स्वतः भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. या आगाऊ भरण्याबद्दल ती वेगळे शुल्कही घेते, जे ऑर्डरच्या वेळी पडद्यावर सहसा दिसत नाही.

अलीकडे या दोहोंच्या मधली एक संमिश्र वाटही रुळली आहे. "स्टँडर्ड इंटरनॅशनल" अशा मोघम नावाखाली शेकडो ग्राहकांची पाकिटे एकत्र करून मालवाहू विमानाने भारतात आणली जातात, कुणी तरी परवानाधारक कुरियर ती सोडवतो आणि पुढे एखादी देशी कुरियर कंपनी ती वाटते. ही वाट स्वस्त असते आणि बहुतेक वेळा ठीक चालते. पण तिच्यात जबाबदारीचे तुकडे टपालापेक्षाही बारीक झालेले असतात आणि टपालासारखा आंतरराष्ट्रीय करारही मागे नसतो. या पर्यायाच्या वाटेला जाण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: भारतात शेवटचे वाटप कोणती कंपनी करते? उत्तर मिळाले नाही, तर मी तरी तो पर्याय सोडून देतो.

कराचा हिशेब

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे आजही अनेक जण खात्रीने सांगतात की ५,००० रुपयांपर्यंतची वस्तू "गिफ्ट" म्हणून आली तर कर लागत नाही. ही सवलत पूर्वी खरोखर होती. परंतु भेटवस्तूच्या नावाखाली ऑनलाइन खरेदीचा माल मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये ती काढून घेण्यात आली. राखी आणि जीवरक्षक औषधे एवढेच अपवाद ठेवले गेले. त्यामुळे विक्रेत्याला "गिफ्ट लिहा" किंवा "किंमत कमी दाखवा" असे सांगण्यात आज कसलाही फायदा उरलेला नाही आणि धोका मात्र दुहेरी आहे. खोट्या घोषणेबद्दल माल जप्त होऊन दंड बसू शकतो, आणि पार्सल हरवले तर भरपाईही त्या दाखवलेल्या कमी किमतीच्याच हिशेबाने मिळते.

आता कर कशावर लागतो ते पाहू. तो केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, वाहतुकीचे भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो, आणि परकी चलनाचे रुपये करताना सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला दर धरला जातो. म्हणजे तुम्ही डिलिव्हरीचा महाग पर्याय निवडला की भाड्यावरही कर द्यावा लागतो. मात्र २००७ च्या मूल्यांकन नियमांत हवाई वाहतुकीसाठी एक दिलासा आहे: भाडे कितीही असो, करासाठी ते वस्तूच्या मूल्याच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक धरले जात नाही. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की भाडे किती हे कळण्याचा मार्गच नसेल तर सरळ २० टक्के गृहीत धरले जातात, आणि विम्याची रक्कम माहीत नसेल तर तिच्यासाठी १.१२५ टक्के. म्हणून टपालाचे भाडे कमी असेल तर ते बिलावर स्पष्ट लिहायला विक्रेत्याला सांगावे.

समजा, नांदेडच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने १०,००० रुपयांचे मोजमापाचे उपकरण मागवले. टपालाचे भाडे १,२०० रुपये आणि कुरियरचे ३,५०० रुपये आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून मूळ सीमाशुल्क १० टक्के आणि एकात्मिक जीएसटी १८ टक्के धरू. प्रत्यक्षातले दर वस्तूनुसार निराळे असतात आणि अर्थसंकल्पागणिक बदलतात. टपालाने मागवल्यास करपात्र मूल्य १०,००० अधिक १,२०० अधिक विम्याचे ११२.५०, म्हणजे ११,३१२.५० रुपये होते. त्यावर मूळ शुल्क १,१३१.२५ रुपये, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे सुमारे ११३ रुपये, आणि या सर्वांच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २,२६० रुपये. एकूण कर ३,५०५ रुपयांच्या घरात जातो. १० आणि १८ मिळून २८ टक्के असे मनातल्या मनात धरणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो, कारण कर करावरही चढतो आणि भाड्यावरही.

कुरियरने मागवल्यास भाडे ३,५०० रुपये असले तरी करासाठी २,००० रुपयेच धरले जातील, आणि त्याच पद्धतीने एकूण कर सुमारे ३,७५२ रुपये होईल. दोन वाटांमधला कराचा फरक अवघा २५० रुपयांच्या आसपास आहे. "कुरियरने आणलं की टॅक्स फार लागतो" ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी ठरते. खरा फरक भाड्याचा आणि कुरियरच्या सेवाशुल्काचा असतो. ते शुल्क ८०० रुपये धरले, तर विद्यार्थ्याला कुरियरने उपकरण १८,०५२ रुपयांना पडेल आणि टपालाने, डाकघराचे किरकोळ शुल्क सोडल्यास, १४,७०५ रुपयांना. या साडेतीन हजारांना थोड्या कमी असलेल्या रकमेत त्याला काय मिळते? काही दिवसांचा वेळ, आणि एकाच कंपनीची जबाबदारी. प्रकल्प पुढच्या आठवड्यात सादर करायचा असेल तर ही रक्कम जास्त नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत वापरायचे उपकरण असेल तर ती वायाच जाईल.

काही संकेतस्थळांवर डीडीपी असा शब्द दिसतो. त्याचा अर्थ कर विक्रेत्याने आधीच वसूल करून भरण्याची हमी घेतली आहे. डीएपी किंवा जुन्या भाषेत डीडीयू लिहिले असेल तर कर तुम्हाला दारात द्यायचा आहे. महागड्या वस्तूसाठी मला डीडीपी बरा वाटतो, कारण घरातल्या वयस्कर माणसाला कुरियरवाल्यापुढे अचानक चार-पाच हजार रुपये उभे करावे लागत नाहीत. मात्र प्रत्यक्ष कर कमी निघाला तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे त्या संकेतस्थळाच्या अटींत वाचून घ्यावे.

शेवटचा टप्पा

मराठवाड्याच्या दृष्टीने डिलिव्हरीच्या अटींतले सर्वांत महत्त्वाचे शब्द पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला कधी वाचावेच लागत नाहीत: रिमोट एरिया. मोठ्या कुरियर कंपन्यांकडे दूरच्या पिनकोडांची यादी असते आणि त्या यादीतल्या पत्त्यावर जादा आकार लागतो, किंवा पार्सल एखाद्या स्थानिक सहयोगी कुरियरकडे सोपवले जाते. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड शहरात कंपनीची स्वतःची माणसे येतात, पण तालुक्याच्या गावी बहुधा फोन येतो, "तुमचं पार्सल जिल्ह्याला आलंय, येऊन घेऊन जा." पाच दिवसांत पोहोचवण्यासाठी घेतलेले भाडे मग एसटीच्या तिकिटाने आणि एका दिवसाच्या रजेने वाढते. भारतात टपाल खात्याची दीड लाखांहून अधिक कार्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. औंढा नागनाथ काय किंवा भूम काय, डाकघर तिथे आहेच. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, जे संस्कृत कवीही होते. त्यांच्या त्या सहा अंकांवर परदेशातला संगणक आजही आपले गाव शोधतो.

म्हणून पत्त्यात पिनकोड आणि मोबाइल क्रमांक बिनचूक असावेत. बाकी चुका खपतात. परदेशी संकेतस्थळांच्या यादीत अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद अशी जुनी नावे दिसतात, ती निवडल्याने काही बिघडत नाही. "मारुती मंदिरामागे, गिरणीजवळ" ही खूण मात्र पत्त्याच्या पहिल्या ओळीत कोंबू नये, कारण अनेक संकेतस्थळे ठरावीक अक्षरांनंतर ओळ कापून टाकतात आणि घराचा क्रमांकच गळतो.

केवायसीत आणखी एक अडचण खास आपल्याकडची आहे. आधारवर आडनाव आधी, बँकेच्या कार्डावर नाव आधी, आणि ऑर्डर करताना मुलाने लिहिलेले टोपणनाव तिसरेच. आधारवरचा पत्ता हिंगोलीच्या खेड्यातला आणि पार्सल मागवले संभाजीनगरच्या वसतिगृहात, असेही होते. कुरियरने ऑर्डर करायची असेल तर नाव अक्षरशः ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे, आणि पत्ता वेगळा असेल तर त्या पत्त्याचा काही पुरावा हाताशी ठेवावा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो आहे. ब्रिटनमधून मागवलेल्या एका संदर्भग्रंथासाठी मी घाईपोटी एक्स्प्रेस कुरियर निवडला होता; केवायसीचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला, ग्रंथ मुंबईच्या गोदामात अकरा दिवस बसला, आणि त्याच विक्रेत्याकडून एका सहकाऱ्याने टपालाने मागवलेली प्रत माझ्या आधी अंबाजोगाईत पोहोचली. चूक अर्थात माझीच होती.

वजन, आकार आणि न येणाऱ्या वस्तू

कुरियरचे भाडे वजनावर असते असे आपण समजतो, पण विमानात जागाही विकली जाते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागले की जे किलो येतात ते आकारमानी वजन. आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांतले जे जास्त त्यावर एक्स्प्रेस कुरियरचे भाडे ठरते. सायकलचे हेल्मेट अर्ध्या किलोहूनही हलके असते, पण ३० बाय २५ बाय २० सेंटीमीटरच्या खोक्यात ते घातले की भाडे ३ किलोचे होते. टपाल खाती लहान पाकिटांसाठी सहसा प्रत्यक्ष वजनच पाहतात. तिथे मर्यादा २ किलोची आणि तिन्ही बाजूंच्या बेरजेला ९० सेंटीमीटरची असते, आणि आपले हेल्मेट ७५ सेंटीमीटरमध्ये बसते. हलके पण फुगीर सामान टपालाने, लहान पण वजनदार सामान कुरियरने, असा ढोबळ नियम त्यावरून निघतो. अमेरिकेतल्या गोदामाचा पत्ता देऊन तीन-चार दुकानांचा माल एकत्र पाठवणाऱ्या सेवा आहेत, त्यांचा फायदाही मुख्यतः इथेच होतो: चार खोक्यांतली हवा काढून एक खोके केले जाते. कर मात्र सगळ्या मालाच्या एकत्रित किमतीवर लागतो.

काही वस्तूंच्या बाबतीत भाड्याचा विचार करण्याआधी ती वस्तू येऊ शकते का, हे पाहावे लागते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास १ एप्रिल २०१६ पासून मनाई आहे, त्यामुळे "टपालाने बॅटरी पाठवतो" म्हणणारा विक्रेता एकतर अनभिज्ञ असतो किंवा खोटे लिहून पाठवतो. उपकरणात बसवलेल्या बॅटरीला अटींसह परवानगी असते. फवारणीच्या ड्रोनचे आकर्षण आपल्या शेतकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना मोठे आहे, परंतु तयार अथवा जोडून घ्यायच्या संचाच्या रूपातील परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असून सुट्या भागांना ती लागू नाही. बियाण्यांबाबत तर विशेष सावध राहावे. निळी स्ट्रॉबेरी किंवा विलायती भाजीची बी दाखवणाऱ्या जाहिराती बहुधा फसव्या असतातच, शिवाय २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र नसलेले बियाणे सीमाशुल्कातच अडकते. औषधांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रसंगी वेगळी परवानगी लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत ४२ अंशांच्या वर गेलेल्या पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडून चालेल का, हेही विचारात घ्यावे; थंड ठेवायच्या वस्तूसाठी त्या दिवसांत स्वस्त पर्याय निवडणे म्हणजे ती वस्तू गमावणेच आहे.

ट्रॅकिंग क्रमांक वाचावा कसा

टपालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकात तेरा चिन्हे असतात: सुरुवातीला दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे, जसे जपानसाठी जेपी, ब्रिटनसाठी जीबी. पहिले अक्षर सेवेचा प्रकार सांगते. ई असेल तर ईएमएस, म्हणजे टपालातली सर्वांत वेगवान सेवा. सी असेल तर पार्सल. आर असेल तर नोंदणीकृत. एल असेल तर ट्रॅकिंग असलेले पाकीट. यू ने सुरू होणारा क्रमांक पाहून फसू नये, कारण तो केवळ सीमाशुल्काच्या नोंदीसाठी असतो आणि त्यावर वाटपापर्यंतचा माग मिळण्याची हमी नसते. अनेक विक्रेते साध्या टपालालाही हा क्रमांक देऊन "ट्रॅकिंग दिले आहे" असे सांगतात. म्हणून ऑर्डर देण्याआधीच "क्रमांक कोणत्या अक्षराने सुरू होईल?" असे विचारून घ्यावे, प्रामाणिक विक्रेता लगेच सांगतो.

टपालाच्या वाटेत क्रमांक कित्येक दिवस गप्प राहतो. पाठवणाऱ्या देशातून निघाल्याची नोंद आणि मुंबईत पोहोचल्याची नोंद या दोहोंमध्ये दहा-पंधरा दिवस काहीच दिसले नाही, तरी ते हरवल्याचे लक्षण नाही. नेमक्या याच शांततेचा फायदा भामटे घेतात. "तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, २५ रुपये भरा" असा लिंक असलेला संदेश किंवा "तुमच्या पार्सलमध्ये बेकायदा माल सापडला" असा व्हिडिओ कॉल आला, तर तो खोटाच समजावा. सीमाशुल्क अधिकारी कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाहीत, आणि खात्याच्या पत्रावर नोव्हेंबर २०१९ पासून पडताळून पाहता येणारा दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. खरा कर कुरियरच्या बिलावर किंवा डाकघरात भरायचा असतो.

पार्सल खरोखरच आले नाही, तर कुरियरच्या बाबतीत कंपनीला थेट विचारता येते. टपालात मात्र शोधाची विनंती मुळात पाठवणाऱ्याने त्याच्या देशातल्या खात्याकडे करायची असते, आणि ती वस्तू पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी. त्यामुळे विक्रेता टाळाटाळ करू लागला तर आपल्या हाती फारसे काही उरत नाही. बँकेच्या कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे तक्रार करण्याचा मार्ग राहतो, पण त्यालाही मुदत असते, आणि ती सहा महिन्यांपेक्षा कमी असू शकते. नोंदणीकृत पाकिटाची भरपाईही मर्यादित असते, म्हणून दहा-पंधरा हजारांहून महाग वस्तू मी विम्याशिवाय टपालात टाकायला सांगत नाही.

चाचांचा भाग ९०० रुपयांचा, नखाएवढा, बॅटरी नसलेला आणि घाई नसलेला होता. गिऱ्हाईक महिनाभर थांबायला तयार होते. आम्ही ट्रॅकिंगसह टपाल निवडले, पत्ता दुकानाचा दिला, नाव आधारवरचे लिहिले आणि विक्रेत्याला भाडे बिलावर दाखवायला सांगितले. एल ने सुरू होणारा क्रमांक दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा चाचांनी तो दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि त्याखाली पाठवल्याची तारीखही.